शेड की शॅडो? आणि असेच बाकीचे घोळ

घाटावरची
मंगळवार, रात्री ९.४२

धागा काढायचं कारण अगदी फुटकळ आहे, आधीच सांगते. लेक सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. इंग्रजीचा तपासलेला पेपर काल घरी आला, त्यात सहलीवर निबंध होता आणि हिने लिहिलंय की आम्ही सगळ्या जणी आंब्याच्या शॅडोत बसून डबे खाल्ले. बाईंनी शॅडोभोवती लाल गोल काढून एक मार्क कापलाय. शेजारी काही लिहिलेलं नाही, नुसता गोल. ती माझ्याकडे आली की आई सावलीला शॅडोच म्हणतात ना, मी भाजी परतत होते, म्हटलं म्हणतात की, बाईंचं काहीतरी चुकलं असेल. आणि कढई खाली उतरवेपर्यंत माझं मलाच कळलं की बाईंचं नाही चुकलेलं, तिथे शेड पाहिजे. पण का पाहिजे ते काही मला तिला सांगता येईना. सावली ती सावली. उन्हातून चालताना आपल्या मागून येते ती पण सावली आणि झाडाखाली टेकतो ती पण सावलीच.

मी बीकॉम, १४ वर्षं ऑफिसात इंग्रजीतच मेल लिहितेय, तेव्हा अगदीच ढ नाही. तर मला असं वाटतंय की गाईडात ज्या जोड्या पाठ करायला देतात ना, अफेक्ट-इफेक्ट, अॅडव्हाइस-अॅडव्हाइज, प्रिन्सिपलची दोन स्पेलिंगं, त्यात तर इंग्रजांची पोरंपण गडबडतात, त्यात आपलं असं काही खास नाही. आपला खरा घोळ होतो तो मराठीत एकच शब्द आणि इंग्रजीत दोन असतात तिथे. कारण आपण चुकतोय असा संशयच येत नाही. शब्द येतोय म्हटल्यावर डिक्शनरी कोण उघडतंय.

अशा जोड्या आठवत असतील तर टाका. आणि १२ वर्षांच्या मुलीला शेड-शॅडो कसं समजवायचं तेही सांगा, ती अजून फुगून बसलीये.

खडूफळा
मंगळवार, रात्री १०.१५

३१ वर्षं इंग्रजी शिकवलं त्यामुळे गप्प राहवत नाही. ताई, तिला असं सांगा. शॅडोला आकार असतो आणि ती कुणाची तरी असते, माझी, खांबाची, मांजराची. शेड म्हणजे ऊन न पोचणारी जागा. म्हणून शॅडो मोजता येतात, दोन खांबांच्या दोन. झाडाखालची शेड मोजत नाहीत, ती पाण्यासारखी थोडी नाहीतर पुष्कळ असते.

गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द मुळात एकच. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी विभक्ती होती, नाम वाक्यात कुठे येतंय त्याप्रमाणे त्याचं रूप बदलायचं. मूळ रूपातून शेड निघालं आणि आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो तसल्या रूपातून शॅडो. पुढे विभक्ती गेली, रूपं मात्र दोन्ही राहिली आणि त्यांनी कामं वाटून घेतली. म्हणजे समजा आपल्याकडे 'भाऊ' आणि 'भावा' हे दोन वेगळे शब्द होऊन बसले असते, तसं.

टपरीवरचा_टप्पू
मंगळवार, रात्री १०.२१

सर, झालेत की ऑलरेडी. भावा म्हणजे दोस्त. भाऊ म्हणजे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतो तो.

निवांत_नलू
मंगळवार, रात्री १०.२४

हसून हसून पुरेवाट, टप्पू. आणि बरोबर आहे हो, आमच्या गल्लीत तर आत्तासुद्धा तीन भाऊ लटकतायत.

गच्चीतली_दुर्बीण
मंगळवार, रात्री ११.०५

शून्य सावली दिवसाला प्रयोग करून दाखवा, आयुष्यात विसरणार नाही ती. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या शेवटी, जुलैतला बहुतेक ढगात वाया जातो. मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला गच्चीत एक सरळसोट बाटली उभी करून ठेवायची. तिची शॅडो तिच्याच बुडाखाली जाते, बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. आणि त्याच वेळी तुम्ही छत्री उघडून उभ्या राहिलात तर डोक्याला शेड आहेच! म्हणजे शॅडो गायब, शेड शिल्लक. हेच मराठीत सांगायला गेलं तर 'सावली गायब आहे पण सावली शिल्लक आहे' असं होतं आणि ऐकणारा विचारतो ऊन लागलं का.

अवांतर: ग्रहणं शिकवताना मराठी अजिबात अडत नाही बरं का. प्रच्छाया आणि उपच्छाया असे दोन स्वच्छ शब्द आहेत, उलट तिथे इंग्रजांनाच लॅटिनकडे जाऊन अंब्रा आणि पेनंब्रा आणावे लागले.

घाटावरची
बुधवार, सकाळी ७.५०

छत्रीचं सांगितलं, लगेच कळलं तिला. आता म्हणते मेपर्यंत कोण थांबणार, मार्क आत्ता गेलाय. बाकीच्या जोड्या येऊ द्या, मी डबे भरून ऑफिसला पळते.

रानवाट
बुधवार, सकाळी ९.३०

माझ्याकडून विषारी. मी कधीमधी सापांसाठी कॉल आला की जातो, आणि कात्रजच्या सर्पोद्यानात शाळेच्या मुलांबरोबर पण बराच वेळ घालवलाय, तिथे हा घोळ रोज होतो. आपल्याकडे नाग विषारी, कण्हेर विषारी, रानातली भलतीच अळंबी पण विषारी. इंग्रजीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे व्हेनमस, आणि कण्हेर, धोतरा, अळंबी ही पॉयझनस. व्हेनम दातातून किंवा नांगीतून आपल्या अंगात टोचलं जातं, पॉयझन आपण खातो नाहीतर त्याला हात लावतो. मुलं इंग्रजी रिपोर्टात बिनधास्त पॉयझनस स्नेक लिहितात, आणि खरं सांगायचं तर इंग्रजी पेपरवाले पण लिहितात, त्यामुळे मी फार ताणत नाही.

पण त्याच्या पुढचा घोळ मला जास्त सतावतो. साप चावल्यावर दवाखान्यात जे देतात त्याला आपले पेपर सर्रास 'सर्पदंशावरची लस' म्हणतात. ती लस नाहीये. लस म्हणजे व्हॅक्सिन, ती आधी घ्यायची, त्यावरून आपलं शरीर स्वतः हत्यारं बनवायला शिकतं. सापाचं इंजेक्शन म्हणजे सीरम, घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली हत्यारं काढून ती आपल्याला आयती देतात. गावात मला लोकांनी विचारलंय की आमच्याकडे साप फार, तर ती लस आधीच टोचून घेता येईल का. त्यांचं काय चुकलं? लस म्हटल्यावर माणूस हेच विचारणार.

निवांत_नलू
बुधवार, सकाळी १०.१०

थांबा थांबा, आमची आजी म्हणायची जखमेतून लस येतेय. ती लस कुठली मग?

रानवाट
बुधवार, सकाळी १०.४०

नलूताई, तिथेच तर मजा आहे. जखमेतून पाझरतं ते पिवळसर पातळ, तेच की सीरम! म्हणजे आपला लस हा शब्द मुळात त्या पाण्याचाच. देवीच्या रोगाच्या काळात फोडातलं ते पाणी घेऊन दुसऱ्याला टोचायचे म्हणून 'लस टोचणे' आलं आणि मग प्रत्येक व्हॅक्सिन लसच झालं. इंग्रजीत व्हॅक्सिन आलं गायीवरून, लॅटिनमधे व्हाका म्हणजे गाय, १७९६ साली जेन्नरने गायीच्या देवीचं पाणी एका मुलाला टोचलं होतं. थोडक्यात व्हॅक्सिन गायीचं आणि सीरम घोड्याचं. आणि आपल्या गावातली १९६६ सालची कंपनी, जगभर जाते ती व्हॅक्सिनसाठी आणि नावात सीरम. मराठीत भाषांतर केलं तर दोन्हीकडे लसच, म्हणजे नाव पण बरोबर बसतं.

हिंजवडी_रिटर्न
बुधवार, दुपारी १.१५

जेवता जेवता लिहितोय. माझी जोडी डाउट आणि क्वेश्चन. नोकरीच्या पहिल्याच वर्षी क्लायंटबरोबर कॉल होता, तो बिचारा अर्धा तास डिझाइन समजावत होता, आणि शेवटी मी अगदी शाळेतल्यासारखा हात वर करून म्हणालो, आय हॅव अ डाउट. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, तुम्हाला हे चालेल असं वाटत नाहीये का. मी म्हटलं नाही नाही, छान आहे, फक्त एक डाउट आहे. परत शांतता. नंतर मॅनेजरने बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे, डाउट म्हणजे त्यांच्याकडे अविश्वास, तू त्याच्या डिझाइनवर दोनदा अविश्वास दाखवलास. मला फक्त एका बटणाचं विचारायचं होतं.

शाळेत आपण 'शंका विचारा' ऐकत मोठे झालो त्यामुळे शंका म्हणजे डाउट डोक्यात फिट बसलंय. कॉलेजात तर डाउट क्लिअरिंग लेक्चर असायचं.

खडूफळा
बुधवार, दुपारी २.०५

यात एक बघण्यासारखं आहे. मराठीत फरक नाही असं नाही, तो नामात नाही, क्रियापदात आहे. शंका विचारली तर क्वेश्चन, शंका घेतली तर डाउट, आणि शंका आली तर सस्पिशन. उसन्याचं तेच. उसनं घेतलं तर बॉरो, उसनं दिलं तर लेंड. दहावीपर्यंतची मुलं 'माझ्या भावाने मला सायकल बॉरो केली' लिहायची, कारण त्यांना उसनं एवढा एकच शब्द दिसायचा, मागचं घेणं-देणं दिसायचं नाही. इंग्रजी प्रत्येक कप्प्याला वेगळं नाव देते, आपण कप्पा एकच ठेवतो आणि तो कुठल्या बाजूने उघडला ते क्रियापदाने सांगतो.

टपरीवरचा_टप्पू
बुधवार, दुपारी २.१२

लघुशंका राहिली सर. तिला जातात.

सदाशिवपेठी
बुधवार, दुपारी ४.३०

वामकुक्षी झाली, आता लिहितो. कालपासून बघतोय, मराठीत शब्द नाही, मराठीत शब्द नाही. शब्द नाही कुठे, तुम्ही वापरत नाही! इंग्रजीत राइस एवढा एकच शब्द, शेतात राइस, पोत्यात राइस, ताटात राइस. आपल्याकडे शेतात साळ, पोत्यात तांदूळ, ताटात भात, तुकडे झाले तर कणी. तिकडे अंकल एकच, आपल्याकडे काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, प्रत्येकाचा मान वेगळा आणि आहेरही वेगळा. इंग्रज लोक असे धागे काढून रडत बसतात का की आमच्यात मामा नाही म्हणून?

आणि कृपया ते हॉटेल काढू नका कोणी. हॉटेल म्हणजे मिसळ मिळते ती जागा, राहायची सोय असेल तर लॉज. पुण्यात हे ठरलेलं आहे, इंग्रजांना पटत नसेल तर त्यांनी बाहेर उभं राहावं.

निवांत_नलू
बुधवार, संध्याकाळी ५.००

पेठीकाका, मुद्दा मान्य पण आत्याच्या यजमानांना तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का हो? आम्ही पण काकाच म्हणतो. म्हणजे घोळ आपल्याकडे पण आहेच की!

सदाशिवपेठी
बुधवार, संध्याकाळी ५.०४

त्यांच्या तोंडावर आम्ही काही म्हणत नाही. 'अहो ऐकलंत का' एवढ्यावर भागतं.

जुन्नरी
बुधवार, संध्याकाळी ६.२०

पेठीकाकांना थोडं अनुमोदन. आमच्या गावाकडे जंगल, रान, वन ही सगळी एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. आमचे आबा 'रानात गेलेत' म्हणजे शेतात गेलेत, कांद्याला पाणी द्यायला. वन म्हणजे वनखात्याचं, तिथून लाकूड आणलं तर पावती फाटते. जंगल म्हणजे बिबट्याचं, म्हणजे आता तेही खरं नाही राहिलं, बिबट्या उसात असतो. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीने एकदा आबांचं वाक्य तिच्या परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं की हिचे आजोबा रोज पहाटे जंगलात जातात, त्या लोकांना वाटलं आबा ऋषी आहेत.

आणि गंमत बघा, जंगल आपल्याकडूनच इंग्रजीत गेलं. मुळात संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश, आयुर्वेदात पण जांगल देश म्हणजे रुक्ष आणि आनूप म्हणजे पाणथळ. तिकडे जाऊन त्याचं एकदम घनदाट झालं. फॉरेस्टचं पण तसंच, जुन्या इंग्लंडात फॉरेस्ट म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली जमीन, झाडं असोत नसोत. म्हणजे फॉरेस्ट आणि आपलं वनखातं यांचं मूळ काम एकच, दुसऱ्याला आत येऊ न देणं.

काळाकोट_नकोट
बुधवार, रात्री ८.४५

शिवाजीनगर कोर्टात दिवस जातो, त्यामुळे माझी भर तिथलीच. लोक येतात आणि सांगतात मॅडम आमच्याकडे दरोडा पडला. विचारावं काय झालं तर गावाला गेलो होतो, कुलूप तोडून दागिने नेले. ती घरफोडी. बसमधे पाकीट मारलं ती साधी चोरी, इंग्रजीत थेफ्ट. चाकू दाखवून चेन ओढली की जबरी चोरी, रॉबरी. आणि हीच जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली, नुसता प्रयत्न केला तरी, की दरोडा, इंग्रजीत डकॉइटी. चौघं असतील तर कितीही भयानक असो, कायद्यात दरोडा नाही. पूर्वी भादंविचं ३९१ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१० आहे, आकडा बदलला, पाच जणांची अट तीच.

इंग्रजी पेपर मात्र सगळ्याला रॉबरी लिहून मोकळे होतात. आणि डकॉइटी हा शब्द आपल्याकडचाच, डाका-डकैतीवरून, इंग्रजांना पाच जण मिळून येणाऱ्यांसाठी घरचा शब्दच नव्हता बहुतेक. तसंच खून आणि सदोष मनुष्यवध. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. यावर अख्खी करिअर चालतात, त्यामुळे इथे थांबते.

टपरीवरचा_टप्पू
बुधवार, रात्री ८.५२

म्हणजे आम्ही चौघं आहोत तोवर सेफ.

काळाकोट_नकोट
बुधवार, रात्री ८.५५

जबरी चोरीला पण बरीच वर्षं आहेत रे बाळा. अभ्यास कर.

भोसरीचा_टर्नर
बुधवार, रात्री १०.३०

सेकंड शिफ्ट आहे, ब्रेकमधे टाकतोय, टायपो सांभाळून घ्या. आमच्याकडे अॅक्युरसी आणि प्रिसिजन. मराठीत दोन्हीला अचूकपणाच म्हणतो आपण. नवीन पोरगं आलं होतं आयटीआयचं, हुशार, जॉब म्हणजे मशीनवर केलेला भाग मोजला मायक्रोमीटरने, पाच वेळा मोजला, पाची वेळा १२.०३. खूश, म्हणे सर बरोबर आहे, रिपीट होतंय. मी मायक्रोमीटर बंद करून बघितला तर झिरोवर यायच्या ऐवजी ०.०३ वर. झिरो एरर. म्हणजे जॉब १२.०० चाच होता, पण सगळी रीडिंगं एकसारखी चुकीची. ते प्रिसिजन आहे, अॅक्युरसी नाही. उलटं पण असतं, एकदा ११.९५, एकदा १२.०५, एकदा १२ असं काहीपण येतं आणि सरासरी काढली की बरोब्बर १२, तो माणूस पण कामाचा नाही, म्हणजे आकडा योगायोगाने जुळतो. पहिल्याला दुरुस्त करता येतं, झिरो सेट केला की झालं. दुसऱ्याला घरी पाठवावं लागतं.

आमचे सुपरवायझर पहिल्याला म्हणायचे 'नेमाने चुकणारा'. मला हा शब्द इंग्रजीपेक्षा आवडतो.

गच्चीतली_दुर्बीण
बुधवार, रात्री १०.५०

नेमाने चुकणारा!! हे मी चोरलं, वकीलताई बघा कुठलं कलम लागतं ते.

निवांत_नलू
गुरुवार, सकाळी ११.१५

वेदर आणि क्लायमेट कोणी घेतलं नाही अजून? आमच्या भूगोलाच्या पुस्तकात अगदी स्पष्ट होतं, हवा म्हणजे आजचं, हवामान म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरासरीचं. क्लायमेट ठरवायला ३० वर्षांची सरासरी धरतात. पण मग बातम्यांमधे 'उद्याचं हवामान' कसं काय? उद्याचं ते वेदर. आणि हवा म्हणायला जावं तर हवा म्हणजे एअर पण, टायरमधे भरतो ती. आणि 'भाऊंची हवा आहे' ती अजून वेगळी.

बरं, ज्या खात्याचं नावच हवामान, ते रोज सांगतं वेदर. शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणतो ना आपण, ती त्यांचीच इमारत, १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं पण चौक अजून सिमला ऑफिस चौकच आहे. रिक्षावाल्याला वेधशाळा म्हटलं तर तो बघत राहतो, सिमला ऑफिस म्हटलं की मीटर टाकतो.

खडूफळा
गुरुवार, दुपारी १२.००

चौकावरून आठवलं. स्टेशनरीची दोन स्पेलिंगं मुलांना कधी लक्षात राहायची नाहीत, ए की ई. मी त्यांना वह्या-पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकाचं उदाहरण द्यायचो. एकाचा अर्थ स्थिर, जागचा न हलणारा, दुसऱ्याचा वह्या-पेनं. दोन्हीचं मूळ एकच. युरोपात मध्ययुगात फिरते विक्रेते खूप, पण विद्यापीठाजवळ जे पुस्तकवाले एका जागी दुकान मांडून बसायचे त्यांना स्टेशनर म्हणू लागले. म्हणजे कायमचा बसलेला दुकानदार. अप्पा बळवंत चौकात गेलं की पटतंच, जूनमधे तिथे दुकानदार तर सोडाच, गिऱ्हाईक आणि गाडी पण जागची हलत नाही.

हिंजवडी_रिटर्न
गुरुवार, दुपारी १.२०

आता उलट्या बाजूने एक. इंग्रजीतल्या 'वुई'ने माझा एकदा पार घात केलाय. मराठीत आपण आणि आम्ही वेगळे. 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे तू पण चल, 'आम्ही जेवायला जाऊ' म्हणजे तू बस. इंग्रजीत दोन्हीला वुई. क्लायंटला मेल लिहिली, या सर्व्हरचा खर्च वुई विल हॅव टू बेअर. माझ्या डोक्यात होतं आपण, म्हणजे दोघांनी मिळून. त्याने वाचलं आम्ही. थँक यू म्हणून लगेच उत्तर आलं, इतक्या लवकर तो कधी उत्तर देत नाही. टीममधला तेलुगू मुलगा म्हणाला, आमच्यात पण मनम आणि मेमु असं वेगळं आहे, इंग्रजी करारात वुईच्या पुढे कोण कोण ते लिहिल्याशिवाय सही करायची नाही.

सदाशिवपेठी
गुरुवार, दुपारी ४.३५

हेच म्हणत होतो मी. आणि आपणचं तिसरं काम विसरलात. दारात अनोळखी माणूस आला की 'आपण कोण?' विचारतो तेव्हा त्या आपणमधे आम्ही बिलकुल नसतो.

टपरीवरचा_टप्पू
गुरुवार, दुपारी ४.४१

आणि 'आपण नाही भीत कोणाला', त्यात फक्त मी असतो.

घाटावरची
शुक्रवार, रात्री ९.१०

दोन दिवस ऑफिसात मरणाचं काम होतं, आत्ता सगळं एकत्र वाचलं. लेकीला पण वाचून दाखवलं, पाच जणांचा दरोडा तिला सगळ्यात आवडला, काळजी वाटतेय.

पण खडूफळा सरांचं ते क्रियापदाचं वाचलं आणि मी तिथेच अडकले. सर, सावलीचं पण तसंच आहे की! आपण 'सावली पडते' म्हणतो तेव्हा शॅडो, आणि 'सावलीत बसतो' म्हणतो तेव्हा शेड. पडते ती शॅडो, बसतो ती शेड. फरक आपल्याकडे होता, मी सावली या शब्दाकडे बघत बसले आणि शेजारच्या शब्दाकडे बघितलंच नाही. तिला एवढंच सांगितलं तर तिने स्वतःहून चार वाक्यं बरोबर करून दाखवली.

खडूफळा
शुक्रवार, रात्री ९.३०

ताई, मी ३१ वर्षांत हे असं मांडलं नव्हतं. एकच काडी घालतो, 'वडाची सावली दाट पडते' याचं काय करायचं? ती पडते पण आणि बसायची पण.

गच्चीतली_दुर्बीण
शुक्रवार, रात्री ९.४४

सर, दाट आली की शेड. वडाची लांब पडली तर शॅडो. सातवीला एवढं पुरे, बाकीचं आठवीला.

घाटावरची
शनिवार, दुपारी १२.२०

अपडेट. लेक आज शाळेत पेपर घेऊन बाईंकडे गेली आणि पडते-बसतो सगळं सांगून आली. बाई हसल्या म्हणे, आणि अर्धा मार्क परत दिला. अर्धा! बरोबर समजलं असेल तर पूर्ण द्या, पेपरात चूक होती म्हणून द्यायचा नसेल तर अर्धा तरी कशाला? सोमवारी मी स्वतः जाऊन बाईंना विचारू का?

हिंजवडी_रिटर्न
शनिवार, दुपारी १२.३१

विचारा की. फक्त 'आय हॅव अ डाउट' म्हणून सुरुवात करू नका.